‘रिस्ट्रिक्ट’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ आणि आपला मराठी व्यवहार : एक चिकित्सा

बीजशब्द : निर्बंध, मर्यादा, बंदी, अनुच्छेद १९, अनुवाद, शब्दयोगी अव्यय

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन करीत होता, तेथील ग्रंथालयाच्या एका कक्षाबाहेर इंग्रजी फलक होता. हा कक्ष पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘रिस्ट्रिक्टेड’ आहे, असा त्याचा आशय होता. इंग्रजीत ‘रिस्ट्रिक्टेड’नंतर ‘टू’ हे शब्दयोगी असल्यामुळे ‘येथे केवळ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनीच बसावे’ एवढाच त्याचा अर्थ होता. पुढे मराठी भाषा पंधरवड्याच्या निमित्ताने सर्व फलक मराठीत करण्याचे ठरले आणि या फलकावर ‘पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रवेश निर्बंधित’ अशी ओळ आली. परिणाम असा झाला की, ज्यांच्यासाठी कक्ष राखून ठेवला होता तेच विद्यार्थी बाहेर थांबू लागले आणि पदवीच्या प्रथम वर्षाची मुले आत निवांत बसू लागली. कर्मचाऱ्यांना वा भाषांतर करणाऱ्या सहकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी शब्दकोश पाहिला होता. कोशातला प्रतिशब्द बरोबर होता. वाक्य मात्र उलटे झाले होते.

हा प्रसंग किरकोळ आहे. परंतु ज्या क्रियापदामुळे तो घडला, तेच क्रियापद भारतीय संविधानाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नामरूपाने वारंवार येते. तेच टाळेबंदीच्या काळात शासकीय आदेशांतून घराघरांत पोहोचले आणि तेच आपण सर्वांनी लिहिलेल्या लघुप्रबंधांच्या पहिल्या प्रकरणातही दबा धरून बसलेले असते. म्हणून या एका शब्दाचे अर्थ, त्याची वाक्यरचना आणि मराठीतील त्याचे प्रतिशब्द यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्युत्पत्ती आणि तिच्यातून उरलेला अर्थ

‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द लॅटिनमधील ‘रेस्ट्रिंगेरे’ या क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितावरून सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘स्ट्रिंगेरे’ म्हणजे आवळणे, ताणून बांधणे. मूळ चित्र दोरीचे आहे : काहीतरी पुढे जात आहे आणि कोणीतरी दोर मागे खेचून धरला आहे. गंमत अशी की, आज इतका प्रतिष्ठित वाटणारा हा शब्द अठराव्या शतकातील इंग्रजांना ‘स्कॉटिश’ वळणाचा म्हणून खटकत असे.

या एका लॅटिन धातूचा गोतावळा मोठा आहे. स्ट्रिक्ट, स्ट्रिंजंट, स्ट्रेन, कन्स्ट्रेन, कन्स्ट्रिक्ट आणि डिस्ट्रिक्ट हे सारे याच घरातले. सामंताच्या अधिकाराच्या आवळ्यात असलेला मुलूख म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट’. आपण त्याला ‘जिल्हा’ म्हणतो, तो शब्द अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘बरगडी, बाजू’ असा अर्थ आहे. एकाच प्रशासकीय घटकाकडे एका भाषेने दोरीच्या नजरेने पाहिले आणि दुसरीने शरीराच्या. हे विषयांतर झाले.

‘रिस्ट्रेन’ हे ‘रिस्ट्रिक्ट’चे सख्खे भावंड होय. दोघांचे मूळ एकच, पण ‘रिस्ट्रेन’ जुन्या फ्रेंचमधून फिरून आले, तर ‘रिस्ट्रिक्ट’ थेट लॅटिनमधून उचलले गेले. इंग्रजीत अशा जोड्यांचे अर्थ कालांतराने वेगळे होतात, तसे येथेही झाले. हात उगारलेल्या माणसाला धरून ठेवणे हे ‘रिस्ट्रेन’. त्यात बळ आहे आणि कृती घडण्याच्या बेतात आहे. ‘रिस्ट्रिक्ट’मध्ये तशी झटापट नाही. तेथे आधी एक रिंगण आखले जाते, रिंगणाच्या आत मोकळीक असते आणि बाहेर नसते. ‘लिमिट’ आणि ‘रिस्ट्रिक्ट’ यांतील भेद याहून सूक्ष्म आहे. ‘लिमिट’ हे प्रामुख्याने टोक दाखवते : इतके, याहून अधिक नाही. ते टोक निसर्गानेही ठरवलेले असू शकते. अपुरा पाऊस उत्पन्नाला ‘लिमिट’ करतो. ‘रिस्ट्रिक्ट’मध्ये मात्र बहुधा कोणीतरी आवळणारा असतो, नियम करणारा असतो. घट्ट कपडे हालचाल ‘रिस्ट्रिक्ट’ करतात असेही इंग्रजीत म्हणतात, पण तेथेही आवळण्याचे मूळ चित्र पुसलेले नाही.

यातून या शब्दाचा गाभा हाती लागतो. ‘रिस्ट्रिक्ट’ केलेल्या गोष्टीचा काही भाग शिल्लक राहतो. ‘प्रोहिबिट’ केल्यावर तो राहत नाही.

गोठ्यातले शब्द

आता मराठीकडे वळू. अडवणे, आवरणे, बांधून घालणे या अर्थक्षेत्रात मराठी अजिबात दरिद्री नाही. उलट या बाबतीत ती इंग्रजीपेक्षा अधिक तपशीलवार आहे, आणि हा तपशील तिने गोठ्यातून व पागेतून आणला आहे. ‘पायबंद’ म्हणजे घोड्याच्या पायांना बांधावयाची दोरी. ‘वेसण’ बैलाच्या नाकात असते. ती जनावराला थांबवत नाही, धन्याच्या इच्छेप्रमाणे वळवते. ‘मुसके’ तोंडाला बांधतात, म्हणजे मळणीच्या वेळी बैल चालत राहतो पण धान्यात तोंड घालू शकत नाही. ‘लोढणे’ म्हणजे उनाड गुराच्या गळ्यात अडकवलेला ओंडका. गुरू हिंडते, चरते, फक्त त्याला धावता येत नाही. आणि ‘दावे’ म्हणजे खुंट्याला बांधलेली दोरी : दाव्याच्या लांबीएवढे वर्तुळ त्या जनावराचे, त्यापलीकडचे गवत शेजाऱ्याचे.

‘रिस्ट्रिक्ट टू’ या इंग्रजी रचनेचे दाव्याइतके अचूक चित्र दुसऱ्या कोणत्याही संस्कृतोद्भव प्रतिशब्दात सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुसके ही एका विशिष्ट कृतीवरची बंदी आहे, लोढणे ही गतीवरची मर्यादा आहे, वेसण हे नियंत्रण आहे. शेतकरी या चारही गोष्टींत कधी गल्लत करीत नाही. गल्लत आपण करतो, कारण आपण ‘रिस्ट्रिक्ट’, ‘लिमिट’, ‘कन्फाइन’ आणि ‘कर्ब’ या सर्वांपुढे वर्गात ‘मर्यादित करणे’ असे एकच उत्तर लिहून देतो.

‘मर्यादा’ या शब्दाची अडचण अशी की, तो मराठीत नीतीच्या रंगात पूर्ण बुडालेला आहे. समुद्र मर्यादा सोडत नाही, सुनेने मर्यादा पाळावी, राम मर्यादापुरुषोत्तम. येथे मर्यादा बाहेरून लादलेली नसते. ती आतून पाळायची असते आणि ती पाळण्यात शोभा असते. दुसरीकडे, सहकारी साखर कारखान्याच्या पाटीवरील ‘मर्यादित’ हा शब्द निव्वळ भागधारकांच्या दायित्वाची तांत्रिक खूण आहे. या दोन टोकांच्या मध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ला जागा करून देणे कठीण जाते. एखाद्या शासनाने नागरिकांच्या संचारावर ‘मर्यादा घातली’ असे आपण लिहितो, तेव्हा नकळत नागरिकाने पाळावयाच्या सभ्यतेचा वास त्या वाक्याला येतो.

म्हणून शासकीय व कायदेविषयक मराठीने ‘निर्बंध’ हा शब्द निवडला, हे योग्यच झाले. मात्र या शब्दाचा पूर्वेतिहास चमत्कारिक आहे. संस्कृतात ‘निर्बन्ध’ म्हणजे आग्रह, हट्ट. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणा मागा म्हणून पुन्हा पुन्हा गळ घालतो आणि गुरू रागावतात, तेथे कालिदासाने हाच शब्द वापरला आहे. हट्ट धरणाऱ्याचा शब्द पुढे हट्ट मोडणाऱ्याच्या हाती गेला. अर्थात आजच्या मराठी वाचकाला यातले काही आठवत नाही, आणि आठवण्याची गरजही नाही.

वाक्यरचनेचा प्रश्न

इंग्रजीत ‘रिस्ट्रिक्ट’ हे सकर्मक क्रियापद आहे. कशाला आवळले ते सांगावे लागते आणि कोठवर आवळले ते ‘टू’ने सांगावे लागते. ‘टू’नंतर येणारे नाम हे रिंगणाच्या आतले असते. ‘तिने स्वतःला दोन प्रश्नांपुरते रिस्ट्रिक्ट केले’ याचा अर्थ ती दोनच प्रश्न विचारणार आहे. आपल्या विद्यार्थ्यांची चूक येथे होते. ‘मला बाहेर जायला बंदी केली’ हे मराठी वाक्य मनात ठेवून ते ‘रिस्ट्रिक्टेड मी टू गो आउट’ असे लिहितात. प्रमाण इंग्रजीत ही रचना स्वीकारली जात नाही आणि कोणी ती ओढूनताणून लावलीच तर अर्थ उलट निघण्याचा धोका असतो. ‘फ्रॉम’ लावून केलेली रचना इंग्रजीत आढळते, परंतु ती ‘प्रिव्हेंट’ व ‘प्रोहिबिट’ यांच्या अनुकरणाने आलेली असून काटेकोर लिहिणारे ती टाळतात. परीक्षकाने ती चूक धरावी की नाही, याबाबत मतभेद होऊ शकतात. प्रस्तुत लेखक धरत नाही.

मराठीला ‘टू’चे हे काम करणारे नेमके साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे ‘पुरता’ हे विकारी शब्दयोगी. ‘प्रवेश पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुरता’ असे लिहिले असते तर फलकाचा घोटाळा झाला नसता. ‘निर्बंध’, ‘निर्बंधित’, ‘मर्यादित’ यांपैकी कोणताही जड शब्द तेथे लागतच नव्हता. इंग्रजी क्रियापदाचा भार मराठीत पुष्कळदा शब्दयोगी अव्यय उचलते. आपण मात्र क्रियापदाला क्रियापदच शोधत बसतो. उलट ‘-वर’ लावले की अर्थ फिरतो : ‘विद्यार्थ्यांवर निर्बंध’ म्हणजे विद्यार्थी दोरीच्या टोकाला. ‘-पुरता’ आणि ‘-वर’ यांतला हा फरक इंग्रजीच्या तासाला फळ्यावर एकदा लिहून दाखवला, तर ‘टू’ आणि ‘ऑन’ वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत, असा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. मराठीत ‘निर्बंध’ हे नाम असल्यामुळे त्याला क्रियापदाची जोड लागते आणि ती जोड निवडताना बोलणाऱ्याची बाजू उघडी पडते. निर्बंध ‘घातले’ हे तटस्थ. निर्बंध ‘लादले’ म्हटले की बैलाच्या पाठीवरचे ओझे दिसते आणि तक्रार ऐकू येते. इंग्रजीतील ‘इम्पोज’ कायद्याच्या भाषेत इतके रागावलेले नसते, म्हणून त्याचा ‘लादणे’ हा अनुवाद प्रत्येक वेळी न्याय्य ठरत नाही. शासन स्वतः लिहिते तेव्हा निर्बंध ‘लागू करण्यात येत आहेत’. येथे कर्ता नाहीसा होतो. इंग्रजी कर्मणी प्रयोगातही तो नाहीसा होतोच. परंतु ‘करण्यात येणे’ या रचनेने मराठी कार्यालयीन गद्यात जी निर्विकार गुळगुळीत भर घातली आहे, तिला तोड नाही. दोर कोणाच्या हातात आहे हे त्या वाक्यातून समजत नाही. आणि निर्बंध कमी होतात तेव्हा ते ‘शिथिल’ केले जातात. मूळ लॅटिन शब्दातली आवळलेली दोरी येथे मराठीने, कोणाकडूनही न शिकता, सैल करून दाखवली आहे.

व्याकरणातील ‘रिस्ट्रिक्टिव्ह’ उपवाक्याची चर्चा येथे थोडक्यात आटोपणे भाग आहे. इंग्रजीत स्वल्पविराम असणे किंवा नसणे यावर सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले की काहीच, हे ठरते. मराठीतील ‘जे-ते’ची जोडी स्वभावतःच निवड करणारी असते. ‘जे विद्यार्थी उत्तीर्ण झाले ते’ म्हटले की अनुत्तीर्ण बाजूला पडतात. नुसती माहिती द्यायची असेल तर आपण बहुधा ‘उत्तीर्ण झालेले’ असे धातुसाधित वापरतो किंवा वाक्यच वेगळे करतो. विरामचिन्हाचे हे काम मराठीने सर्वनामांकडे सोपवले आहे.

संविधानातील शब्द

या शब्दाची खरी कसोटी ग्रंथालयाच्या दारात नव्हे, तर न्यायालयात लागते. भारतीय दंड संहितेने (१८६०) ‘रिस्ट्रेंट’ आणि ‘कन्फाइनमेंट’ यांत काटेकोर भेद केला होता. एखाद्याला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाण्यापासून अडवणे हे पहिले (कलम ३३९). ठरावीक परिघाबाहेर कोणत्याच दिशेने जाऊ न देणे हे दुसरे (कलम ३४०). १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हा भेद कलम १२६ व १२७ मध्ये कायम आहे. मराठी कायदेभाषेने यांसाठी ‘गैरनिरोध’ आणि ‘गैरपरिरोध’ असे शब्द घेतले. हे शब्द बोजड आहेत म्हणून त्यांची थट्टा होते. परंतु ‘परि’ या उपसर्गाने चहूबाजूंचा परीघ जसा दाखवला आहे, तसा इंग्रजी शब्दातही तो उघड दिसत नाही. शासकीय परिभाषेवर टीका करणे ही आपल्याकडील विद्वानांची सवय आहे. येथे मात्र त्या अनामिक परिभाषाकारांचे ऋण मान्य केले पाहिजे.

संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील ‘रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स’साठी मराठीत ‘वाजवी निर्बंध’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. यातील ‘रीझनेबल’ हे विशेषण मूळ मसुद्यात नव्हते. १९४८ मध्ये संविधान सभेतील चर्चेत पंडित ठाकूरदास भार्गव यांच्या दुरुस्तीने ते आले. तरीही भाषणस्वातंत्र्याविषयीच्या खंड (२) मध्ये ते नव्हतेच. तेथे ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने दाखल झाले. विशेषणाविषयी इतका ऊहापोह झाला. नामाचे काय? ‘रिस्ट्रिक्शन’ या शब्दात संपूर्ण बंदीचा समावेश होतो काय?

१९५० मधील चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा खटला या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्यान्वये सागर जिल्ह्यातील काही गावांत शेतीच्या हंगामात विड्या वळण्यास मनाई करण्यात आली होती. शेतीला मजूर मिळावेत हा हेतू. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्बंध वाजवी नाही असे ठरवले, कारण ज्या वृद्ध, अपंग व बालकांना शेतात राबणे शक्यच नव्हते, त्यांचीही विडी त्या आदेशाने काढून घेतली होती. दावे खुंट्याला बांधण्याऐवजी गळ्यालाच आवळले होते, असे आपल्या भाषेत म्हणता येईल. परंतु १९६० साली वृत्तबद्ध झालेल्या नरेंद्र कुमार विरुद्ध भारत संघ या तांब्याच्या व्यापाराशी संबंधित खटल्यात त्याच न्यायालयाने ‘निर्बंधा’त संपूर्ण मनाईचाही समावेश होऊ शकतो, असे मान्य केले, मात्र निर्बंध मनाईच्या टोकाला पोहोचला असेल तर वाजवीपणाची तपासणी अधिक काळजीपूर्वक व्हावी, अशी पुस्ती जोडली. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात, जम्मू-काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या संदर्भात, हाच प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आणि अनिश्चित काळाची बंदी मान्य होणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

कायद्याच्या दृष्टीने नरेंद्र कुमार प्रकरणातील भूमिकेमागे कारणे आहेत. घातक वस्तूंच्या व्यापारावर निर्बंध म्हणजे बंदीच असणार. भाषेच्या विद्यार्थ्याला मात्र येथे अस्वस्थ वाटल्याशिवाय राहत नाही. अनुच्छेद १३(२) हक्क ‘हिरावून घेणे’ आणि हक्काचा ‘संकोच करणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे योजतो. म्हणजे काढून घेणे आणि आवळणे यांतला फरक संविधानाच्या भाषेला ठाऊक आहे. आवळण्याच्या शब्दातच काढून घेण्याचा अर्थ सामावून घेतला, तर दोन शब्दांचे काम एक शब्द करू लागतो आणि नागरिकाला आपल्या हातात काही शिल्लक आहे की नाही, हे शब्दावरून ओळखता येत नाही.

महाराष्ट्रात याचा अनुभव सर्वांनी घेतला. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाने जे आदेश निघाले, त्यांचे वर्णन ‘टाळेबंदी’ असे न करता ‘कडक निर्बंध’ असे केले गेले. अत्यावश्यक सेवा वगळता इतर दुकाने मात्र बंद होती. साथीच्या गांभीर्याविषयी येथे वाद घालावयाचा नाही. त्या उपायांची गरज कदाचित होतीच. प्रश्न शब्दाचा आहे. ज्याचे दुकान दिवसभर बंद आहे, त्याच्या दृष्टीने ते ‘निर्बंध’ कसे? किराणा दुकानदारावर वेळेचा निर्बंध होता; शेजारच्या कापडदुकानदारावर बंदी होती. एकाच आदेशात, एकाच शब्दाखाली दोघेही बसवले गेले. ‘कडक’ हे विशेषण येथे प्रमाण दाखवीत नाही, प्रकार बदलल्याचे झाकते.

आपल्या प्रबंधांतील ‘मर्यादा’

शेवटी थोडे आपल्या स्वतःच्या घरात डोकावणे उचित ठरेल. मराठीत लिहिलेल्या बहुतेक एम.फिल. व पीएच.डी. प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’ असे शीर्षक असते. संशोधनपद्धतीच्या इंग्रजी ग्रंथांत ‘लिमिटेशन’ आणि ‘डीलिमिटेशन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला म्हणजे संशोधकाच्या हाताबाहेर राहिलेली उणीव : नमुना लहान पडला, कागदपत्रे मिळाली नाहीत. दुसरा म्हणजे संशोधकाने जाणीवपूर्वक आखलेले रिंगण : अभ्यास केवळ दोन कादंबऱ्यांपुरता ठेवला. हे दुसरे म्हणजेच स्वतःला ‘रिस्ट्रिक्ट’ करणे होय. त्यात कमीपणा नाही. तो निर्णय आहे आणि त्याचे समर्थन द्यावे लागते.

मराठीत दोन्हींना ‘मर्यादा’ म्हटल्यामुळे काय घडते ते मौखिक परीक्षेला बसलेल्या कोणासही ठाऊक आहे. ‘तुम्ही तिसरी कादंबरी का घेतली नाही?’ या प्रश्नावर उमेदवार ‘ती माझ्या अभ्यासाची मर्यादा आहे, सर,’ असे मान खाली घालून सांगतो. त्याने केलेली निवड तो चुकीच्या कबुलीसारखी उच्चारतो. प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या लघुप्रबंधात हेच केले होते. त्या प्रकरणातील पाच ‘मर्यादां’पैकी चार वस्तुतः निवडी होत्या आणि एकीचेही कारण दिलेले नव्हते. मार्गदर्शकांनी ती पाने वाचून त्यावर फक्त ‘ठीक’ असा शेरा दिला होता. एम.फिल. ही पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी बंद झाली असली, तरी ते शीर्षक पीएच.डी.च्या प्रबंधांत जसेच्या तसे चालू आहे. ‘उणिवा’ आणि ‘आखलेली कक्षा’ असे दोन उपशीर्षक करण्यास कोणत्याही विद्यापीठाचा नियम आड येत नाही.

केंद्र शासनाच्या सेवेतील मित्रांच्या ‘रिस्ट्रिक्टेड हॉलिडे’चा उल्लेख राहिला. यादीतील सुट्ट्यांपैकी आपल्या पसंतीच्या दोन घेण्याची मुभा म्हणजे ही सुट्टी. आवळलेली आहे ती संख्या. निवड मोकळी आहे. हिंदीत तिला ‘प्रतिबंधित अवकाश’ म्हणतात, आणि तो शब्द प्रथमच ऐकणाऱ्यास या सुट्टीवर बंदी आली की काय अशी शंका यावी. मराठी बोलणारे तिला ‘वैकल्पिक सुट्टी’ म्हणतात. ज्या कोणी हा शब्द प्रथम वापरला त्याने ‘रिस्ट्रिक्टेड’कडे पाहिलेच नाही, कर्मचाऱ्याच्या हातात काय उरते, तेवढेच पाहिले.